ब्लॉक 134चा, वर्ग 130चा

पुण्यात नाना पेठेत माझं बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं भोक कातून मोठं करायचं वर्कशॉप आहे. शनिवारी दुपारी दोन पोरं आली, पिशवीत यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स 135चा सिलिंडर ब्लॉक. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. गाडी एकदा सीझ झालेली, म्हणजे पिस्टन आत अडकलेलं दिसत होतं.

“काका, बसेल तेवढा मोठा बोअर मारा. ड्रॅगला उतरायचंय.”

“कुठल्या वर्गात?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मोबाइलवर या सरळ रस्त्याच्या शर्यतीचे नियम उघडले: टू-स्ट्रोक 130 सीसीपर्यंत, टू-स्ट्रोक 165पर्यंत, फोर-स्ट्रोक 165पर्यंत, पुढे मोठ्या गाड्या. अमेरिकेत स्टॉक गाड्यांचे वर्ग वजन आणि हॉर्सपॉवरच्या हिशेबावर पाडतात. इथे सगळा खेळ सीसीचा.

बोअर गेज आत सोडला. वर, मध्ये, खाली, मग आडवा फिरवून पुन्हा तेच. काटा 58.5 मिलिमीटरच्या जरा पुढे. कंपनीचा बोअर, म्हणजे आतला व्यास 58, तेव्हा आधीच कुणीतरी अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकलेलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 50. खडूने फळीवरच मांडलं: कंपनीतून 132 सीसी, आता 134. कोरी करकरीत 135सुद्धा 130च्या वर्गात बसत नाही, हे पोरांना तिथे कळलं. जिंकल्यावर इंजिन उघडून मोजलं की संपलं.

“मग 165ला जाऊ!”

जा की. पण त्या वर्गात तयारीने आलेला माणूस 165ला टेकलेला असणार. तिथे पोचायला बोअर लागतो साधारण 64.8. एवढं मटेरियल या लायनरमध्ये, सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या नळीत, नाही. धाकट्याने उलटं विचारलं, लहान करता येईल का? येईल. नवा लायनर ठोकून 57चा बोअर ठेवला तर 127.6 सीसी. पण पोर्ट, म्हणजे भिंतीतली वायू ये-जा करायची भोकं, नव्याने कापावे लागतात, पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुळावी लागते, आणि पोर्ट मिलिमीटरभर वर-खाली झाला तरी गाडीचा स्वभाव बदलतो. ते काम मी करतो, पण पहिल्यांदा उतरणाऱ्याला सांगत नाही.

“घरात दुसरी गाडी कुठली?”

“दादाची यामाहा आर15, व्ही3.”

आत्ता बोललास! 155 सीसी, फोर-स्ट्रोक. वरच्या मर्यादेला दहाच सीसी कमी. आरएक्स टू-स्ट्रोकच्या 165च्या वर्गात नेली तर एकतीस कमी. जवळपास 140 किलोची आहे, आरएक्सपेक्षा बरीच जड, पण त्या वर्गात समोरच्याचीही तशीच असणार. बोअर तिचाही 58च. थोरल्याने लगेच खडू उचलला. “मग 59.5 मारा, 163 होतात!”

गणित बरोबर होतं. पण त्या ब्लॉकला बिडाचा लायनरच नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची भिंत, आमच्या नेहमीच्या बोअरिंगला ती चालत नाही. म्हटलं, इंजिनाला हात लावू नका. नियमात बसत असेल तर मागचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, बदलून बघा आणि क्लच सोडायची सवय करा. 402 मीटरच्या शर्यतीत सुटतानाच गाडी दबली तर पुढे भरून काढायला रस्ता उरत नाही.

आर15मध्ये मला छदाम मिळणार नव्हता. आरएक्सचा ब्लॉक मात्र ठेवून घेतला. ओरखडे 58.75ला निघतील असं वाटतंय. पिस्टन आणा, म्हटलं, ते मोजल्याशिवाय बोअर मारत नाही.