घोडा गेल्यानंतर सावरताना : माझा अनुभव

आतड्याला पीळ पडून पोटशूळ झालेल्या घोड्याला दयामरणाचं इंजेक्शन देऊन सोडवलं, की नंतर एकच प्रश्न मन खात राहतो: घाई तर झाली नाही ना? मला त्यावर आधार झाला डॉक्टरांच्या हातच्या कागदाचा. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. ती 80 च्या वर जाऊन उतरत नसेल, हिरड्या जांभळट असतील, हिरडी दाबून सोडल्यावर रंग परतायला 2 सेकंदांपेक्षा बराच वेळ लागत असेल, फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक देऊनही तासाभरात घोडा पुन्हा लोळत असेल, तर हे सगळं वेळेसकट लिहून मागा. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण लोळणारा घोडा गाडीत चढवणं सोपं नसतं. डॉक्टरांनाच तबेल्यात बोलवावं लागतं.

जवळ थांबणार असाल तर काय दिसणार ते आधी विचारा. आधी झायलाझिनसारखं गुंगीचं औषध, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. घोडा धाडकन पडतो, म्हणून डॉक्टर सांगतील त्याच बाजूला उभं राहावं. त्यानंतरही स्नायू थरथरतात, एखाददुसरा खोल श्वास येतो, डोळे उघडेच राहतात. वेदना तेव्हा नसते. डॉक्टर बुबुळाला बोट लावून, स्टेथोस्कोपने हृदय ऐकून खात्री करतात. हे ठाऊक नसेल तर तो एक श्वास पुढे कित्येक महिने छळतो.

जेसीबीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. खड्डा साधारण नऊ-दहा फूट लांब, सहा-सात फूट रुंद आणि आठ-नऊ फूट खोल, विहीर-नाल्यापासून लांब. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात, तळाला पाणी साचतं. उंचावरची मुरमाड जागा बरी. शहरात असाल तर महापालिकेला विचारा. उघड्यावर टाकणं तर नकोच. भुलीचं औषध म्हणून पेंटोबार्बिटल वापरलं असेल तर ते मांसात उरतं, कुत्री-गिधाडं मरतात.

शेपटीचे केस हवे असतील तर आधी घट्ट बांधून वरून कापा, धुऊन सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. काळा घोडा असेल तर नाल मागणारे शनिवारची वाटही बघत नाहीत. नाही म्हटलं तरी चालतं.

सोबतचा घोडा असेल तर त्याला मृतदेह हुंगू द्यावा. तो एरवी हाका मारत शोधत राहतो, चंदी सोडतो. दिवसभर वैरणीला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना कळवा, कारण उपाशी राहून त्यालाही पोटशूळ होऊ शकतो. पहाटेची खराऱ्याची वेळ माणसालाही जड जाते. मी ती वेळ सोबतच्या घोड्यासाठी ठेवली. लहान मुलांना 'झोपवलं' सांगू नये, मुलं झोपेलाच घाबरतात. 'दुसरा घे' म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नये. झोप-जेवण बरेच दिवस उडालेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. खोगीर-लगाम लगेच विकायची गरज नाही, फक्त मृगाआधी चामड्याला तेल लावून ठेवा.