जिवंत मुलीसाठी जागवलेली रात्र

काल रात्री कादंबरीच्या एका पानावर मी थांबले ती पुढे जाऊच शकले नाही. सकाळी अमेरिकेच्या जहाजावर चढणाऱ्या मुलीसाठी घरात शेजारीपाजारी जमले आहेत, फिडल वाजते आहे, नाच चालू आहे आणि उजाडू लागताच तिची आई, प्रेताच्या उशाशी बसून रडावे तशी, हेल काढून रडू लागते.

आयर्लंडमध्ये या रात्रीला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ म्हणजे मृताशेजारी जागून काढलेली रात्र. इथे मात्र ज्याच्यासाठी जागायचे तो माणूस जिवंत असे, नाचतही असे. तो बहुधा परतणार नाही, हे सर्वांनाच ठाऊक असे.

१८४५ मध्ये तिथल्या गरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा हा रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली आणि धान्य मात्र इंग्लंडला जातच राहिले. हे आकडे मी पूर्वी वाचले होते. त्यांच्यामागचे रडणे काल पहिल्यांदा ऐकू आले.

पुढचे प्रकरण जहाजावर सुरू होते. त्या आईला रिकाम्या घरात सोडून पान उलटायला मन अजून धजत नाही.