राजदूत ३५० किती उरल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी दोन भागांत येतो. पहिला भाग मोठ्याने: "राजदूत ३५० आता किती उरल्या असतील हो?" दुसरा थोड्या वेळाने, आवाज खाली आणून: "एखादी मिळेल का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. मी विकत नाही, विकून देत नाही आणि पत्तेही सांगत नाही. कारण पुढे येईलच. पहिल्या प्रश्नात मात्र मी कित्येक वर्षं अडकून पडलोय, या जुन्या मोटरसायकली शोधत आणि सापडेल तिची वहीत नोंद करत.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाची आरडी ३५०बी परवाना घेऊन इथे काढली आणि तिला आपल्या जुन्या राजदूतचं नाव दिलं. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, सहा गिअर. आपल्या रस्त्यांवर तेव्हा बुलेट, येझदी आणि स्कूटरी. त्यांच्यात ही साडेतीस अश्वशक्तीची गाडी आली, तीही पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक बसवलेली. खर्च वाचला, पण पळायचं बळ तेवढंच राहून थांबायचं कमी झालं. गाडीची बदनामी झाली त्यात या ड्रमचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. चालवणारे विशीतले होते हेही खरं.

पेट्रोल ती पाण्यासारखं प्यायची. १९८५ च्या सुमारास एलटी, म्हणजे लो टॉर्क मॉडेल आलं, ताकद २७ अश्वशक्तीच्या आसपास उतरवलेलं. आधीची मग एचटी झाली, हाय टॉर्क. पण १९८५ मध्येच हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि खुद्द एस्कॉर्ट्सनेच यामाहाची आरएक्स १०० आणली. एकीकडे न थकता मायलेज देणारी, दुसरीकडे स्वस्तात टू-स्ट्रोकची मजा देणारी. दोघींच्या मध्ये ३५० ला गिऱ्हाईक उरलं नाही. १९८९ पर्यंत तिचं उत्पादन बंद झालं.

म्हणजे कंपनीने ही गाडी मोजून काढलेली नव्हती. तिला मर्यादित केलं ते गिऱ्हाइकांनी. हा फरक शोधणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. रॉयल एन्फिल्डने २०१८ मध्ये क्लासिक ५०० पेगासस काढली, जगभरात १०००, त्यातल्या भारतात २५०, आणि त्या २५० इंटरनेटवर १७८ सेकंदांत संपल्या. प्रत्येकीच्या टाकीवर तिचा क्रमांक. ती गाडी घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक की आपल्याकडे दुर्मीळ वस्तू आहे. तो ती पुसतो, झाकतो, कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पन्नास वर्षांनी पेगासस शोधणाऱ्याला फारसं काम उरणार नाही. राजदूत ३५० घेणाऱ्याला असलं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ती कॉलेजला नेली, शर्यतीत नेली, लग्नानंतर धाकट्या भावाला दिली आणि शेवटी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली.

शोधायला निघालं की पहिली अडचण नावाचीच. गावात जाऊन "इथे कुणाकडे जुनी राजदूत आहे का?" विचारा, पोरं लगेच पुढे होऊन दाखवायला नेतात. असते ती १७५ ची राजदूत, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायची कडी अजून शाबूत. चांगली गाडी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मग चहा होतो, मालकाला वाईट वाटू नये म्हणून तिचे फोटो काढावे लागतात, आणि अर्धा दिवस जातो. त्यामुळे आता मी नाव घेतच नाही. "दोन सायलेन्सरची, सहा गिअरची, फार पळणारी" असं विचारतो. वयस्कर माणूस असेल तर "यामा का?" म्हणतो, आणि तिथे काम होतं.

तालुक्याच्या ठिकाणी अशी गाडी बहुधा एखादीच होती, त्यामुळे ती कुणाची होती ते सगळ्यांना आठवतं. डॉक्टरांचा मुलगा, बागायतदाराचा पुतण्या, साखर कारखान्यातला कुणी इंजिनिअर. गाडीचा रंग विचारा, तिघे तीन सांगतील. तिच्यावरून कुठल्या वळणावर कोण पडलं ते मात्र तिघांचंही जुळतं.

पण लोकांच्या आठवणीपेक्षा मी बोअरिंगवाल्यांवर जास्त भरवसा ठेवतो. टू-स्ट्रोकचा पिस्टन झिजला की सिलिंडर घासून पुढच्या मापाचा पिस्टन टाकतात. या गाडीचं मूळ माप ६४ मिलिमीटर, आणि ओव्हरसाइझ पाव मिलिमीटरने वाढत जाऊन एक मिलिमीटरपर्यंत. बाकी गाड्यांचा एक सिलिंडर टेबलावर येतो, हिचे दोन, आणि दोन्ही एकाच मापाला यावे लागतात. असं काम करणारा लेथवाला ते विसरत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं नाव विचारलं तर तो डोकं खाजवतो, पण "शेवटचा ओव्हरसाइझ टाकून दिला होता, आता स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) मारावी लागेल असं सांगितलं होतं" हे तो सहज सांगतो. मग आपण हिशेब करायचा, की ही गाडी त्यानंतर फार पळलेली नसणार. म्हणजे ती कुठेतरी उभी आहे.

तसेच क्रँकवाले. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीने फिरणारा दांडा, दाबून बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर तो प्रेसवर खोलून पुन्हा रेषेत आणावा लागतो. दोन सिलिंडरचा क्रँक सरळ बसवणारा हात प्रत्येक शहरात नसतो, त्यामुळे चार जिल्ह्यांतल्या गाड्या एका माणसाकडे जमत. अशा माणसाकडे दुपारी जायचं, कामाच्या वेळी नाही, आणि घाई दाखवायची नाही. त्याची एखादी जुनी, तेलकट वही असेल तर देव पावला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथेच तो फसवा होतो. गाडी सापडली म्हणजे काय सापडलं?

हँडलच्या मानेपाशी, जिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो, तिथला चिखल आणि रंग पुसायचा. इंजिन नंबर क्रँककेसवर. दोन्ही आरसीशी ताडून बघायचे. तिन्ही जुळले तर त्या दिवशी मी कुणाशीही प्रेमाने बोलतो. बहुतेक वेळा जुळत नाहीत. चेसिस पुण्याकडच्या पासिंगची, इंजिन दुसऱ्याच राज्यातल्या गाडीचं, टाकी तिसरीची. एक सिलिंडर एचटीचा आणि एक एलटीचा असंही बघितलंय. मालक म्हणतो एकदम ओरिजिनल आहे. तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे आली तेव्हाच ती तशी होती.

हे का झालं ते उघड आहे. गाडीचं उत्पादन बंद झालं, सुटे भाग मिळेनासे झाले, सुरुवातीच्या गाड्यांचे तर कितीतरी भाग जपानचे. मग एक चालू ठेवायला दुसरी खोलायची. कार्ब्युरेटर इकडचे तिकडे, क्लच तिकडचा इकडे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे या गाड्यांनी मैदान गाजवलं. शर्यतीवाल्यांनी पोर्ट (सिलिंडरमधल्या वाटा) घासले, चेंबर (शर्यतीचे सायलेन्सर) लावले, ऑइल पंप काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायला लागले, आणि काढलेले मूळ भाग कोपऱ्यात टाकून दिले. ते भाग पुढे कुणीतरी उचलले, ते आज कुणाच्या तरी "ओरिजिनल" गाडीत आहेत. लोक म्हणतात गाड्या भंगारात गेल्या. काही गेल्याच. पण माझ्या बघण्यात या गाड्या भंगारात कमी आणि एकमेकींत जास्त गेल्या. आज किकवर सुरू होणाऱ्या एका गाडीत तीन-चार मेलेल्या गाड्या असतात. पाडलेल्या वाड्याच्या तुळया गावातल्या निम्म्या घरांत सापडाव्यात, तसं. मग वाडा उरला म्हणायचं की नाही?

मी माझ्यापुरता नियम केलाय. चेसिस म्हणजे गाडी. ज्या चेसिसवरचा नंबर मूळचा आहे ती एक, मग तिच्यावर इंजिन कुणाचंही असो किंवा नसो. नुसतं इंजिन सापडलं तर त्याची नोंद वहीच्या मागच्या बाजूला. नंबर घासून दुसरा ठोकलेला असेल, तर ती गाडी मी मोजत नाही. ठोकलेला नंबर ओळखू येतो. अक्षरांची उंची कमी-जास्त असते, शेजारी कानशीचे ओरखडे असतात आणि त्यावर रंग जरा जास्तच जाड असतो. असं का करतात? कारण गाडी नसलेली आरसीही विकली जाते. कुणाची तरी गाडी चोरीला गेली, तुटली, पण पुस्तक कपाटात राहिलं. ते पुस्तक घ्यायचं आणि कागद नसलेल्या चेसिसवर तो नंबर ठोकायचा. हा सरळ गुन्हा आहे. हौसेच्या नावाखाली त्याकडे काणाडोळा करणारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना या गाड्यांबद्दल प्रेम असेल, पण माझ्या वहीत त्यांच्या गाडीला जागा नाही.

कागदांची गंमत वेगळी. १९८९ च्या आधीचा महाराष्ट्रातला नंबर एम ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा, पुढे आकडे. एमएच १२ वगैरे नंतरचं. त्यामुळे शेडमध्ये नुसती जुनी नंबर प्लेट दिसली तरी वय कळतं. पण गाडी असते आजोबांच्या नावावर आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. वारसांनी फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं असतं, ते कुणी केलेलं नसतं, कारण गाडी बंदच होती. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी, शिवाय पर्यावरण कर, तेही राहिलेलं. आणि आता गाडीला लाखांत किंमत येते म्हटल्यावर तिघे भाऊ एकदम जागे होतात. माझ्यासमोर त्यांनी भांडू नये म्हणून मी चपला घालून बाहेर येतो.

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुन्या, फारसा फेरफार न केलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये. रोजच्या वापराला मात्र ती गाडी काढता येत नाही. आपल्या पहिल्या राजदूत ३५० पन्नास वर्षांच्या होणार २०३३ मध्ये. तोपर्यंत त्या कायद्याच्या दृष्टीने नुसत्या जुन्या मोटरसायकली आहेत. आणि "फेरफार न केलेली" ही अट वाचली की मला तो एक एचटी, एक एलटी सिलिंडर आठवतो.

आता पत्ते का देत नाही ते. एखादी गाडी कुठे उभी आहे हे चार जणांना कळलं, की पाचवा टेम्पो घेऊन पोचतो. तो गाडी चालवायला नेत नाही. टाकी एकाला, मीटर दुसऱ्याला, सायलेन्सर तिसऱ्याला, अशी ती विकली तर पूर्ण गाडीपेक्षा जास्त पैसे येतात. एचटीच्या सायलेन्सरच्या जोडीसाठी लोक किती मोजायला तयार होतात ते ऐकून मी गप्प बसलोय. म्हणून वहीत मालकाचं नाव, गाव काही नसतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर, अवस्था, आणि कुठल्या साली पाहिली. आधी पाहिलेला चेसिस नंबर दुसऱ्याच जिल्ह्यात पुन्हा भेटतो तेव्हा फार बरं वाटतं, मग तिचा रंग काहीही केलेला असो.

तेव्हा "किती उरल्या" याचं प्रामाणिक उत्तर: चेसिसने मोजल्या तर लोक समजतात त्याहून जास्त, आणि कारखान्यातून निघाल्या तशाच असलेल्या मोजल्या तर दोन्ही हातांची बोटं भरताना मला विचार करावा लागतो.

तुमच्या काकांच्या शेडमध्ये खरंच एखादी असेल, तर विकायची घाई करू नका. आधी आरसी शोधा, ती बहुधा घरातल्या लोखंडी कपाटातच असते, एलआयसीच्या पावत्यांखाली. चेसिस नंबरचा पेन्सिलने प्रिंट घ्या, आरटीओचे एजंट कागद ठेवून घासतात तसा. रंग करू नका, कुणाकडून ब्रासोही मारून घेऊ नका. आणि कितीही मोह झाला तरी किक मारू नका. रिंगा चिकटलेल्या असतात, क्रँकचे सील वाळलेले असतात, ऑइलच्या नळीत हवा असते. प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग हाताने किक खाली ढकलून बघा. अडकली तर सोडून द्या आणि टू-स्ट्रोक जाणणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी त्याच्याकडे पाठवू नका, त्याला गाडीकडे आणा.