आपण कुणाकडचे?

काल रात्री लाईट गेली म्हणून चिनूला ट्रॉयची गोष्ट सांगत बसले होते. ग्रीकांचा अकिलिस आला, ट्रॉयचा हेक्टर आला, आणि त्यानं मध्येच विचारलं, "आत्ती, ह्यात आपण कुणाकडचे?"

मला उत्तर देता आलं नाही. "झोप आता" म्हटलं. तो झोपला, मी जागी. आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात हा प्रश्न पोरं फार लवकर शिकतात. 1 नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या गल्लीत मराठी माणसांच्या निषेधाच्या काळ्या फिती, आणि चिनूचे मित्र दोन्हीकडं. असो.

मी त्याच्याएवढी असताना खानापुरात ह्या ट्रॉयच्या गोष्टीचं पुस्तक हाती लागलं. वर कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत, मधल्या पानांना कसरीनं भोकं पाडलेली. माझ्याकडचं शेवटचं पान ट्रॉयच्या वेशीवरचं. हेक्टर लढाईला निघालाय. बाळाला घ्यायला तो हात पुढं करतो, तर बाळ त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून किंचाळतं आणि दाईला बिलगतं. हेक्टर हसतो, त्याची बायको अँड्रोमॅकीही हसते. तो शिरस्त्राण काढून खाली जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाला उचलून घेतो. पुढं पानच नाही. त्यामुळं माझ्यापुरता हेक्टर कितीतरी वर्षं जिवंत होता.

कॉलेजसाठी बेळगावला जायला लागले तेव्हा पुढचं इंग्रजीतून वाचलं. अकिलिसनं त्याला मारलं, घोट्यांतून चामड्याची वादी ओवून रथामागं फरफटवलं. घरी परतताना बसमध्येच वाचत होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, "घरात कुणाचं काय झालं का गं?" काय सांगणार होते मी? कर्णासाठी रडलं तर कुणी कारण विचारत नाही. हेक्टरसाठी रडायचं तर लपून. तात्या तर अजून म्हणतात, आपलं सोडून हे कुणाचं घेऊन बसलीस. इतकी वर्षं हे सगळं एकटीनंच सांभाळलं, त्याचंही कधी कधी फार वाईट वाटतं.

आज दुपारी होमरच्या इलियडचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा, चोविसावा सर्ग परत काढला. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्रीचा शत्रूच्या तळावर जातो. अकिलिसच्या ज्या हातांनी त्याची पोरं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो आणि हेक्टरचं प्रेत मागतो. दोघं रडतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलिस आपल्या बापासाठी आणि मेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. मग एकत्र जेवतात. क्रियाकर्माला किती दिवस लागतील ते अकिलिस विचारून घेतो आणि तेवढे दिवस लढाई थांबवायचं कबूल करतो. ग्रीकांचं एवढं मोठं महाकाव्य, आणि ते संपतं शत्रूच्या अंत्यविधीवर! होमर कुणाकडचा, सांगा बघू.

आणि एकटी तरी कसली? त्या पुस्तकाच्या पानांचे कोपरे माझ्या हातात यायच्या आधीच मऊ पडले होते. म्हणजे खानापुरात माझ्याआधी कुणीतरी हेक्टरसाठी हळहळलं होतं. ते कोण हे आता कळायचं नाही. चालेल.

आज रात्री प्रायमचं सांगणार. चिनू लाकडी घोडा मागेल, शाळेत कुणीतरी सांगितलंय त्याला. पण घोड्याची गोष्ट इलियडमध्ये नाहीच, ती होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत येते. तेवढी कळ त्याला काढावी लागेल.