रिड्रेस नंबर मिळेपर्यंत: माझा अनुभव

माझा नवरा टेक्सासमध्ये जन्मलेला अमेरिकन नागरिक आहे. सरकारी शाळेत गणित शिकवतो. त्याचे आजी-आजोबा मेक्सिकोतल्या मोंतेरेईहून इकडे आले. मी मिरजेची, ग्रीन कार्डवर इथे राहते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. परदेशातून परतताना पासपोर्टच्या खिडकीशी काय होणार हे मला पाठ झालं होतं. अधिकारी पासपोर्ट स्कॅन करणार, पडद्याकडे बघत थांबणार, नवऱ्याला नखशिखांत न्याहाळणार आणि म्हणणार, "त्या खोलीत जाऊन बसा."

त्या खोलीला इथे सगळे 'सेकंडरी' म्हणतात. तिथे फोन वापरता येत नाही आणि कधी बोलावतील तेही कळत नाही. आमच्याबरोबर बसलेले बहुतेक जण स्पॅनिश बोलणारे असायचे. कुणाच्या मांडीवर झोपलेलं मूल, कुणाचं पुढचं विमान सुटत आलेलं. नवरा शांत बसायचा. "लहानपणापासून सवय आहे," म्हणायचा. मला त्या सवयीचाच संताप यायचा. स्वतःच्या देशात परत येताना माणसाला कसली सवय लावून ठेवली आहे यांनी!

एकदा अधिकाऱ्याने पासपोर्ट हातात घेण्याआधीच मला स्पॅनिशमधून विचारलं, "साफसफाईचं काम कुठे करता?" मी भारतीय पासपोर्ट पुढे केला. त्याचा आवाज बदलला, भाषा बदलली. "अच्छा, इंडिया! सॉफ्टवेअर का?" मी सॉफ्टवेअरमध्येही नाही. दोन्ही अंदाज चुकीचे होते, पण पहिल्या अंदाजाने माणूस आतल्या खोलीत जातो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. मला जाऊ दिलं. नवऱ्याला आत पाठवलं. मी त्याच्याबरोबर आत गेले.

हे इथल्या आपल्या लोकांना सांगितलं तर एका ताईंनी अगदी मायेने सल्ला दिला, "प्रवासात कुर्ता घालत जा, टिकली लाव, म्हणजे मेक्सिकन समजणार नाहीत." असा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे. त्यामागची भीती मला समजते. 2001 नंतर विमानतळांवर आपल्या शीख आणि मुस्लिम मित्रांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पण टिकली लावून मी सुटले तरी शेजारी उभा असलेला माझा माणूस तिथेच राहतो. आणि तो माझा कुणी नसता तरी? एखाद्याला मेक्सिकन समजणं हा अपमान आहे, हे आपण कधी आणि का मान्य केलं? मी टिकली लावली नाही. त्याऐवजी नवऱ्यासाठी रिड्रेस नंबरचा अर्ज करायचं ठरवलं. नावाच्या घोळामुळे वारंवार अडवलं जाणाऱ्या प्रवाशाला सरकार देतं तो हा नंबर.

नाव जुळण्याचा घोळ आधी समजून घ्यावा लागला. 2010 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या सर्वाधिक प्रचलित दहा आडनावांत गार्सिया, रॉड्रिगेझ आणि मार्टिनेझ ही तीन होती. माझ्या नवऱ्याचं आडनाव त्यांपैकीच एक आणि पहिलं नावही घरोघरी सापडणारं. म्हणजे त्याच्या नावाची हजारो माणसं. त्यांतल्या कुणावर वॉरंट असेल आणि जन्मतारीख जवळपासची असेल, तर पडद्यावर खूण उमटते. त्यात मेक्सिकन पद्धतीने वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं. पासपोर्टवर दोन्ही, वाहन परवान्यावर एकच, तिकिटावर दोन्ही एकत्र चिकटलेली. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं आणि परदेशी फॉर्ममध्ये ते कुठे घालायचं कळत नाही, तशीच ही अडचण.

देशांतर्गत विमानात बसण्याआधी नाव संशयितांच्या सरकारी यादीशी पडताळण्याचं काम पूर्वी विमान कंपन्या करत. 2009-10 च्या सुमारास 'सिक्युअर फ्लाइट' योजनेखाली ते सरकारकडे गेलं. तेव्हापासून तिकीट काढताना पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग द्यावं लागतं. बोर्डिंग पासवर 'एस' हे अक्षर चार वेळा छापून आलं, की तुमची जादा तपासणी होणार. ती कुणाचीही होऊ शकते. पण दरवेळी एकाच माणसाची व्हायला लागली तर अर्ज करावा.

तो अर्ज म्हणजे होमलँड सिक्युरिटी खात्याचा 'ट्रॅव्हलर रिड्रेस इन्क्वायरी प्रोग्रॅम'. 2007 पासून सुरू आहे, फी नाही, ऑनलाइन भरता येतो. त्यात अनुभवांची यादी असते, लागू असेल तिथे खूण करायची. वंश किंवा वांशिक मूळ बघून वागवलं गेलं असं वाटत असेल तर त्याचीही जागा आहे. नवरा तिथे थबकला. "हे कशाला? नावाचंच लिहूया," म्हणाला. त्यावरून आमचं बरंच बोलणं झालं. अखेर त्याने स्वतःच्या हाताने ती खूण केली.

पासपोर्टची प्रत जोडली, नावाची सगळी रूपं लिहिली आणि प्रसंगांच्या तारखा दिल्या. अर्जाबरोबर सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळतो आणि त्याच्यावरून अर्ज कुठवर आला ते पाहता येतं. दिवस जात होते, स्थिती 'तपासणी सुरू' यापुढे सरकत नव्हती. शेवटी पत्र आलं. नाव कुठल्या यादीत आहे की नाही हे ते सांगत नाही. तसं सांगायचं नाही असाच नियम आहे. आवश्यक त्या दुरुस्त्या केल्या, एवढंच. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग मी कोण होतो, तेही सांगणार नाहीत?"

हा नंबर आपोआप कामाला येत नाही. प्रत्येक तिकिटाच्या वेळी 'रिड्रेस' या रकान्यात तो टाकावा लागतो. शेजारीच 'नोन ट्रॅव्हलर' नंबरचा रकाना असतो, तो प्रीचेक किंवा ग्लोबल एंट्रीवाल्यांचा, म्हणजे आधीच पडताळणी करून घेऊन झटपट तपासणीची सोय मिळवलेल्यांचा. दोन्हींत गल्लत केली तर उपयोग होत नाही. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

नंबरानंतर फरक पडला. खोलीत बसणं बरंच कमी झालं. पण अधिकाऱ्याच्या नजरेचा बंदोबस्त नंबराने होत नाही. खिडकीशी "इंग्रजी येतं का?" हा प्रश्न आजही येतो, त्याच्या अमेरिकन पासपोर्टकडे बघत बघत. त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागते आणि ती नावाच्या अर्जात मिसळू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच रात्री तारीख, वेळ, टर्मिनल, खिडकीचा क्रमांक, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव आणि झालेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. तिथेच सुपरवायझरला बोलवा असं म्हणता येतं, आणि शांतपणे म्हणता येतं. आम्ही एक लेखी तक्रार केली. उत्तर दोन ओळींचं आलं: नोंद घेतली आहे. मार्च 2025 मध्ये होमलँड सिक्युरिटीने आपल्या नागरी हक्क कार्यालयातल्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना कमी केलं, त्यामुळे आता असे कागद वाचायलाच किती माणसं उरली असतील हा प्रश्न आहे. तरीही मी तक्रार करायला सांगते. कागदच नसेल तर झालेलं कधी झालंच नव्हतं असं ठरतं.

कायद्याचाही फार आधार नाही. नुसतं मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी थांबवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितलं, पण दिसणं हा इतर मुद्द्यांबरोबर विचारात घ्यायचा एक मुद्दा ठरू शकतो, असंही सांगून ठेवलं. 8 सप्टेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाने लॉस एंजेलिस भागातल्या, दिसण्या-बोलण्यावरून होणाऱ्या धरपकडीवरच्या खालच्या कोर्टाच्या बंदीला अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती दिली. विमानतळावरच्या आगमनाच्या तपासणीत तर अधिकाऱ्याला खोलीत बसवायला संशयाचं कारणही दाखवावं लागत नाही.

सासूबाईंची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने सुटली. त्या विमानतळावर एका कंत्राटदाराकडे विमानांची आतली सफाई करतात. रात्रपाळीत शेवटचे प्रवासी उतरले की पुढचं उड्डाण होण्याआधी सीटांमधला कचरा, ट्रे, शौचालयं. त्यांच्या पाळीत जवळपास सगळ्याच बायका स्पॅनिश बोलणाऱ्या. नव्या सुपरवायझरने फर्मान काढलं की जेवणाच्या सुट्टीतही इंग्रजीच बोलायचं, नाहीतर घरी पाठवीन. सासूबाई डबा उघडून गप्प बसायला लागल्या. मला म्हणाल्या, "मिहा (पोरी), मी घास गिळताना शब्दही गिळते."

हा नियम बेकायदा ठरू शकतो, हे समान रोजगार संधी आयोगाच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलं आहे. कामाच्या खऱ्या गरजेपुरती, ठरावीक वेळी इंग्रजीची सक्ती करता येते. सदासर्वकाळ, सुट्टीतसुद्धा, तशी सक्ती म्हणजे 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली राष्ट्रीय मूळ बघून केलेला भेदभाव मानला जातो. तक्रारीची मुदत 180 दिवस, आणि टेक्साससारख्या स्वतःची यंत्रणा असलेल्या राज्यांत आयोगाकडे 300. तक्रार केली म्हणून कामावरून काढणंही बेकायदा. सासूबाईंना आयोगाकडे जायची भीती वाटत होती, म्हणून आधी मी नियमाचा तो परिच्छेद छापून दिला. त्यांनी आणि पाळीतल्या बायकांनी मिळून सह्या करून तो कंत्राटदाराच्या कार्यालयात दिला. फर्मान मागे घेतल्याचं कुणी कधी सांगितलं नाही. फक्त कुणी घरी पाठवलं नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आवाज येऊ लागले.

सध्या धाकट्या दिराचा अर्ज भरतेय. आडनाव तेच, पण रिड्रेस नंबर माणसागणिक वेगळा लागतो. त्याच्या पासपोर्टवर दोन आडनावांमध्ये जोडरेघ आहे आणि जन्मदाखल्यावर नाही, म्हणून दोन्हींच्या प्रती मागवल्या आहेत.