मनूने सांगितलेले आबा

झोप येत नाही. दोन वाजून गेले, गुरख्याची शिट्टीही थांबली. मनूवर मी रागावले आहे का, तेच कळत नाहीये. लिहून बघते.

तिचा फोन साडेबाराला आला, तिकडे संध्याकाळचे आठ. एडिनबरात म्हणे तिकीट लावून जुन्या दारूगुत्त्यांमधून हिंडवतात, कुठल्या बारमध्ये कुणाचं भूत आहे ते सांगत. "आई, तूही चल," म्हणाली आणि फोन समोर धरून चालायला लागली. ग्रासमार्केट नावाची जागा. वर किल्ला, खाली ओळीने बार. पूर्वी तिथे भर बाजारात फाशी द्यायचे. गाइड बर्क आणि हेअरचं सांगत होता, १८२८ मध्ये सोळा माणसं मारून प्रेतं डॉक्टरला विकली त्यांचं. ते मी अर्धवटच ऐकलं.

मॅगी डिक्सनची गोष्ट मात्र नीट ऐकली. मासे विकणारी बाई. गरोदरपण लपवलं, मूल गेलं, म्हणून १७२४ साली तिला तिथे फासावर चढवलं. तिची माणसं शवपेटी घेऊन गावाकडे निघाली, वाटेत एका गुत्त्यावर थांबली, तर पेटीतून आवाज यायला लागला. बाई जिवंत होती! पुढे कित्येक वर्षं जगली. आज त्याच चौकात तिच्या नावाचा बार आहे.

मग गाइडने विचारलं, तुमच्या गावात आहे का असं काही? कुणी बोलेना. आणि मनूने सुरुवात केली. इंग्रजीत. आबांची.

गिरणी बंद पडली तरी एक म्हातारा विणकर रोज दुसरी पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या गुत्त्यात यायचा. भिंतीकडच्या बाकावर बसून एकच ग्लास रम घ्यायचा. तो गेल्यावरही त्या वेळेला त्या बाकावर कुणी बसत नाही; बसलंच तर ग्लास आपोआप लवंडतो. एक बाई किंचाळल्यासारखी हसली. टाळ्या वाजल्या. मनूचा चेहरा मला दिसला नाही, फोन तिने खाली धरला होता.

"छान सांगितलंस," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

ही गोष्ट मला आबांच्या तेराव्याला गुत्त्याच्या अण्णांनी सांगितली होती. दाराबाहेरच उभे होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. "ताई, तुमचे वडील अजून येतेत बगा." मला भीती वाटली नाही. उलट त्या रात्री मला झोप लागली. आबा कुठेतरी आहेत, ठरल्या वेळेला येतात, आणि निदान तिथे तरी त्यांची जागा कुणी घेतलेली नाही. गेट बंद झाल्यावर त्यांना कुणी एवढंही दिलं नव्हतं. देणी राहिली, कागद राहिले, ते जाऊ दे.

म्हणजे मला ज्याचा आधार वाटला, त्याला तिकडे लोक घाबरले. हेच टोचतंय. आबांना कुणी कधी घाबरलं नाही. घरात मांजर घाबरायचं नाही त्यांना. मी इतकी वर्षं ती गोष्ट जपली, आणि अनोळखी माणसांनी तिच्यावर टाळ्या वाजवल्या.

फाशीचं ऐकताना मला आपले सोलापूरचे चार हुतात्मे आठवत होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा. त्यांच्या भुताची गोष्ट मी अख्ख्या सोलापुरात कधी ऐकली नाही. आपण त्यांच्या पुतळ्यांपाशी रिक्षा पकडतो, "चार पुतळ्यांपाशी थांब" म्हणतो. आबांचा पुतळा कोण उभारणार? १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून किती माणसं या गावात भोंग्यावर उठली आणि भोंग्यावर घरी आली, त्यांतल्या कितीजणांची नावं कुणाला माहीत आहेत? आबांच्या वाट्याला अण्णांचा बाक आला. आता तोही नाही. अण्णा गेले, मुलांनी जागा विकली, तिथे मोबाइलचं दुकान आहे. लवंडायला ग्लासच उरला नाही.

दादाला हे सांगणार नाही. तो आबांच्या पिण्याबद्दल अजून बोलत नाही.

पण आबा गेले तेव्हा मनू केवढीशी होती! भिंतीकडचा बाक, दुसरी पाळी, एकच ग्लास, हे तिने कुठून आणलं? मीच कधीतरी भाकरी थापता थापता सांगितलं असणार. तिने सगळं धरून ठेवलंय. आणि घाबरवायला सांगितलं असं तरी मी का म्हणते? तिचा आवाज शेवटी जरा ओला झाला होता. त्या बाईच्या हसण्यात मला तो नीट ऐकू आला नाही, आता आठवतोय. गाव लांब, घर लांब, संध्याकाळची वेळ, कुणीतरी विचारलं तुमच्याकडे कोण आहे. तिने आबांना बोलावलं. दुसरं कुणाला बोलावणार होती?

सांगू दे. इथे तरी कोण विचारतंय.

फक्त सकाळी मेसेज टाकायचा आहे. आबा रम घेत नसत, देशी घ्यायचे, संत्रा. आणि नुसता म्हातारा विणकर नाही म्हणायचं. साचेखात्यात जॉबर होते, हाताखाली माणसं होती. पुढच्या वेळी सांगशील तेव्हा त्यांचं पूर्ण नाव घेऊन सांग. त्या लोकांना उच्चारता आलं नाही तरी चालेल.