लाल टोपण

रुग्णालयात मला काय म्हणायचं ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. मी डॉक्टर आहे, औषधशास्त्र शिकवते, पण पेशंट तपासत नाही. वही घेऊन वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहते आणि चूक कुठून आत शिरते ते टिपते. सिस्टर मंडळी पाठीमागे मला 'सीआयडी' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

श्रावणातला सोमवार होता. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर नेहमीसारखीच उशिरा, घणसोलीला उतरेपर्यंत अर्धी भिजलेली. वॉर्डात शिरले तर साठीच्या एक बाई नुकत्याच भरती झाल्या होत्या. घामाने पातळ ओलंचिंब, हाका मारल्या तर नुसतं हं हं. एचजीटी, म्हणजे बोटाच्या थेंबातली साखर, फक्त 38. रेसिडेंटने पटकन शिरेत विगोची सुई लावून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिलं आणि काही मिनिटांत बाईंनी डोळे उघडून सुनेला विचारलं, "दूध उतू गेला का गो?" वॉर्ड हसला.

कारणही लगेच सापडलं. सोमवारचा उपास. इन्सुलिन घेतलं, पोटात फक्त चहा. इंटर्नने केसपेपरवर तसं लिहिलं आणि सगळे पुढच्या खाटेकडे वळले. मला अशा चटकन सापडलेल्या कारणांची भीती वाटते. ते खोटं असतं म्हणून नव्हे, ते पुरेसं वाटतं म्हणून. बाई वर्षानुवर्षं सोमवार करत होत्या. मग आजच काय झालं?

शिवाय मी त्यांना ओळखलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या याच वॉर्डातून घरी गेल्या, तेव्हा मी समोर उभी होते. डिस्चार्जच्या वेळी औषधं कशी समजावली जातात, हाच माझ्या अभ्यासाचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम सुरू केली. त्यात नेमून दिलेल्या तीन धोक्याच्या जागांपैकी एक हीच: रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो तो क्षण.

सुनेला म्हटलं, घरातली औषधाची पिशवी आणता येईल का? घर जवळच होतं. ती रिक्षाने जाऊन आली. पिशवीत लाल टोपणाची सिरिंज आणि इन्सुलिनची नवी कोरी बाटली. तीच 30/70, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण. लेबल फिरवून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. 40 नव्हे, 100.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीत 40 युनिट किंवा 100. सिरिंजही दोन, 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. लाल सिरिंजवर 20 च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली होतं. 40 च्या बाटलीतून ते 20 युनिट, 100 च्या बाटलीतून 50. जुनी बाटली रविवारी संपली, नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळाली नाही, भाच्याने येताना दुसरीकडून आणली. सकाळी सुनेने त्याच सिरिंजने, त्याच रेघेपर्यंत, अगदी काळजीने भरलं.

"मॅडम, मी तर बरोब्बर 20 मोजले," ती रडवेली होऊन म्हणाली. खरंच बरोबर मोजले होते.

डिस्चार्ज कार्ड काढलं. 'इंजे. इन्सुलिन 30/70, 20-0-12 युनिट', म्हणजे सकाळी 20, दुपारी काही नाही, रात्री 12. ताकद कुठेही नाही. रेसिडेंटला सांगितलं. 30/70 चा असर बराच वेळ टिकतो, म्हणून ड्रिप चालू ठेवून तासातासाला एचजीटी सुरू झालं. नाहीतर संध्याकाळच्या आत घरी सोडायचं घाटत होतं.

मग माझ्या अभ्यासाचा फॉर्म उघडला. बाईंच्या ओळीत 'इन्सुलिनबद्दल समजावलं का?' पुढे माझ्याच अक्षरात 'हो'. तेव्हा इंटर्न छान बोलला होता, हळू, मराठीत. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य शिकवतात त्याचं फळ, असं मला वाटलंही होतं. पण सुनेला कुणी 'भरून दाखव' म्हटलं नव्हतं. आणि बाटलीच्या ताकदीचा रकाना माझ्या फॉर्ममध्येच नव्हता. औषधशास्त्राची बाई मी!

दुपारी चार इंटर्नना बोलावलं. ट्रेमध्ये दोन्ही बाटल्या, दोन्ही सिरिंज. "20 युनिट भरा." लेखी परीक्षेत हा प्रश्न चौघांनाही सोडवता आला असता. तिघांनी लेबल न वाचता लाल टोपण उचललं, त्यातल्या दोघांच्या हातात 100 ची बाटली होती. चौथीने लेबल वाचलं आणि तिलाच वाटलं की आपण उगाच वेळ लावतोय, म्हणून "सॉरी" म्हणाली.

औषधाची ट्रॉली आवरणाऱ्या सिस्टर हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अहो मॅडम, आपल्या वॉर्डात 40 चीच बाटली येते आणि लालच सिरिंज. मुलांनी दुसरी पाहिलीय कुठे?"

तो 'हो' मी खोडला नाही. नोंद ती नोंद. शेजारी तारीख घालून दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बाई घरी निघाल्या तेव्हा सुनेने माझ्यासमोर 40 च्या बाटलीतून दोनदा भरून दाखवलं. बाटली पिशवीत टाकता टाकता थांबली, माझं मार्कर मागून घेतलं आणि खोक्यावर मोठ्ठं '40' लिहिलं. मग म्हणाली, "भाच्याला याचा फोटोच पाठवते."